आत्याची पट्टी

शनिवारी सकाळी सहाला मी स्वारगेटवर बारामतीच्या एसटीत चढले, तेव्हा माझ्या फोनवर नीलेशचा एका ओळीचा निरोप होता. आदल्या संध्याकाळी आलेला. "ताई, चौथा ट्रॅक काढून टाका. कारण विचारू नका." त्यानंतर त्याचा फोन बंद.

कारण विचारायलाच मी निघाले होते.

मी पोटासाठी जाहिरातींच्या आवाजाचं संकलन करते आणि हौसेसाठी अश्विन नावाच्या मित्राबरोबर एक छोटंसं रेकॉर्ड लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी, चालवते. आम्ही हाऊस आणि गॅरेज काढतो. हे नाचायचं संगीत, पण लग्नाच्या मांडवातलं नव्हे. लहान क्लबांतून, ओळखीओळखीतून पसरणारं. हाऊसमध्ये ठोका सरळ चालतो, चार मात्रांना चार, जात्यासारखा. गॅरेजमध्ये तोच ठोका मध्येच पाय चुकवतो, उडी मारतो, आणि वर कुणाचा तरी आवाज बारीक तुकडे करून, पट्टी चढवून पेरलेला असतो. नीलेशला मी कधी भेटले नव्हते. बारामतीजवळच्या पिंपळीहून 'पाट' या नावानं त्यानं आम्हाला चार ट्रॅक पाठवले होते आणि त्यातला चौथा ऐकून मी खुर्चीतून उठले होते. त्यात एक बाई काहीही शब्द न गाता नुसती गुणगुणते आणि मध्येच हसून म्हणते, "परत घे." बस्स, एवढंच. पण ते हसू ठोक्यावर असं काही पडतं, की अंगात चुळबुळ सुरू होते. सोमवारी सकाळी त्या चार ट्रॅकच्या फाइली तबकडी छापणाऱ्यांकडं जायच्या होत्या. ती तारीख चुकली असती तर पुन्हा कित्येक महिने रांगेत उभं राहावं लागलं असतं. चौथा वगळला असता तर तबकडीची दुसरी बाजू अर्धी रिकामी राहिली असती.

एसटीत मला बसवेना. सासवडपर्यंत दोनदा जागा बदलली. कानात नव्या आठवड्याची गाणी चालू होती. देशोदेशीची लहान लेबलं आम्हाला प्रकाशनाआधी ऐकायला पाठवतात. एकात नुसता पत्र्यावर वाजवल्यासारखा ताल, एकात समुद्रावरच्या धुक्यासारखा लांबलचक ऑर्गन. एरवी मी मन लावून टिपणं काढते. त्या दिवशी एकही ट्रॅक पुरा ऐकवेना. जेजुरी गेली, मोरगाव गेलं, माळरान संपून दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, आणि मी सारखी फोन उलटा-सुलटा करत होते. मोरगावाच्या पुढं अश्विनचा फोन आला.

"भेटला का?"

"अजून बारामती यायचीय."

"हे बघ, त्यानं आपल्याला लेखी परवानगी दिलीय. उगाच खणत बसू नकोस."

बारामतीच्या स्टँडवर तिखट रस्सा घातलेली मिसळ घाईघाईनं खाल्ली, जीभ भाजली, आणि इंदापूरकडं जाणारी गाडी पकडली. कंडक्टर म्हणाला, पिंपळी लगेच येईल, इथंच दाराशी उभ्या राहा. मी दाराशी उभी राहिले, कानात पुन्हा चौथा ट्रॅक लावला, आणि पुढच्याच थांब्यावर उतरायचं सोडून काटेवाडीला जाऊन उतरले. कंडक्टरनं दोनदा हाक मारली होती म्हणे.

काटेवाडीच्या फाट्यावर ऊस रिकामा करून परत निघालेला एक ट्रॅक्टर उभा होता. मागं दोन मोकळ्या ट्रॉल्या, पुढं ड्रायव्हरच्या डोक्यावर कपाटाएवढे दोन स्पीकर. साठीकडं झुकलेला ड्रायव्हर रस्त्याकडेला वाढं (उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा) बांधत होता.

"तात्या, पिंपळीला कसं जायचं?"

"पिंपळी? ती तर मागं राहिली की! बसा. मी तिकडंच निघालोय."

मडगार्डावर बसले. गाणं इतकं मोठं लागलं, की पत्रा थरथरायला लागला. मला राहवलं नाही. "माझ्या फोनवरचं एक लावू का?" असं विचारून मी चौथा ट्रॅक जोडला. तात्यांनी मान हलवली. ठोका त्यांना आवडला असावा, स्टिअरिंगवर बोटं चालत होती. मग आवाज आला.

"आन् ही बया कोण?" ते ओरडून म्हणाले. "चिमटीत धरल्यागत का गाती?"

"मुद्दाम तसं केलंय, तात्या. आवाज वर चढवलाय."

"कशापायी?"

पिंपळी आली म्हणून उत्तर द्यायचं वाचलं.

नीलेशचं घर शोधायला वेळ लागला नाही. ठिबक जोडणारा नीलेश म्हटल्यावर किराणा दुकानातल्या बाईंनी हात दाखवला. तो अंगणात काळ्या नळ्यांच्या भेंडोळ्यांमध्ये उकिडवा बसला होता. तिशीचा, सडपातळ, कपाळावर मातीचा फराटा. मी नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला.

"तुमी कशाला आला, ताई? मी सांगितलं होतं ना."

"एका ओळीत सांगितलंस."

त्यानं मला नळ्यांच्या खोलीत नेलं. हाच त्याचा स्टुडिओ. भिंतींना छतापर्यंत भेंडोळी रचलेली, त्यामुळं आवाज अजिबात घुमत नाही. पुण्यात यासाठी आम्ही महागाचे फोमचे तुकडे लावतो. मधोमध एक टेबल, लॅपटॉप, दोन जुने स्पीकर. त्याच्या आईनं उसाचा रस आणून दिला आणि ती परत गेली.

"तो आवाज आत्याचा हाय," नीलेश म्हणाला. "शालन आत्या. वालचंदनगरला असती. पूर्वी ऑर्केस्ट्रात गायची. मग गळ्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, आन् आवाज गेला. बोलती, पण घोगरं. गाणं न्हायच. मामांनी, म्हंजी तिच्या मालकांनी, तालमीची कॅसेट भरून ठेवली होती. ते वारले. ती कॅसेट मी तिच्या ट्रंकंतनं आणली."

"विचारून?"

"कॅसेट विचारून आणली. कशाला, ते सांगितलं न्हाय." तो नखानं टेबल खरवडत राहिला. "म्हटलं, झालं की ऐकवू, खूश होईल. परवा गेलो, कानाला हेडफोन लावला. निम्म्यात तिनं काढून ठेवला आन् आत निघून गेली. चहाला बी बाहेर आली न्हाय. लहानपणापासनं तिनं मला कधी रिकाम्या पोटी पाठवला न्हाय, ताई."

"पण ती बोलली काय?"

"काहीच न्हाय."

"मग तुला कसं कळलं की काढून टाकायचंय?"

थांबणं मला जमत नाही. दहा मिनिटांत मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले होते, लॅपटॉपची पिशवी दोघांच्या मध्ये.

काटेवाडी पुन्हा ओलांडली, सणसर, लासुर्णे. गळीताचा हंगाम, त्यामुळं रस्त्यावर पाचटाचा (उसाचा वाळलेला पाला) सडा आणि दर मैलाला पुढं एक ट्रॉली. डाव्या हाताला पाण्यानं भरलेला कालवा बराच वेळ सोबत होता. जंक्शन नावाच्या गावाला वळलो. पुढं वालचंदनगर. रान एकदम संपतं आणि सरळ रेघांचं गाव सुरू होतं: मोठाली झाडं, एकसारखे क्वार्टर्स, प्रत्येकापुढं कुंपण आणि जास्वंद. आम्ही पोचलो तेव्हा कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजला. नीलेशनं गाडी दोन घरं अलीकडंच थांबवली आणि उगाच आरसा पुसत बसला. शेवटी मीच फाटक उघडलं.

शालन आत्या उंच, रुंद खांद्यांच्या. गळ्यावर आडवा पांढरट व्रण. मुलगा कामावर गेलेला, सून माहेरी. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, "आदी जेवा." आवाज असा, की वाळूवरून कुणी पोतं ओढतंय.

शेंगोळी होती (हुलग्याच्या पिठाची, लसणाच्या रशात शिजवलेली वेटोळी) आणि भाकरी. नीलेश ताटावर मान घालून जेवला. मी तीन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि तीनही वेळा आत्यांनी वाढलं. शेवटी मीच ताटावरून म्हणाले, "आत्या, तुम्हाला आवडलं नसेल तर आम्ही ते छापणार नाही. पण काय खटकलं, एवढं सांगा. तुमचा आवाज न विचारता घेतला, त्याचा राग आहे का?"

"आवाज?" त्या म्हणाल्या. "कुणाचा आवाज?"

नीलेशनं मान वर केली.

"त्यात जी गातीया ती मी न्हाय. मी पांढरी चारमधी गायची." पेटीवरची पट्टी त्या सांगत होत्या, बायकांसाठी ती बरीच खालची. "आख्ख्या ऑर्केस्ट्रात बाईमाणसात इतका जाड आवाज कुणाचा नव्हता. ऑर्केस्ट्राचे मालक म्हणायचे, शालनबाई, जरा वर घ्या. जरा पातळ गा. पब्लिकला पातळ लागतं. बारा वर्सं तेच ऐकलं. मी काय पातळ झाली न्हाय. त्यापायी मला कधी आख्खं गाणं दिलं न्हाय त्यांनी, मागं उभं राहून साथ करायची. आन् आता ह्यो," नीलेशकडं बोट करून, "घरचं पोरगं, ह्यानं केलंच मला पातळ."

मग मी बोलले, आणि बोलले नसते तर बरं झालं असतं.

"आत्या, या संगीताची रीतच तशी आहे. सगळ्यांचेच आवाज चढवतात."

"मग तुमाला कुणाचा बी चालला असता की."

मी हात धुवायला उठले. मोरीत नळ नुसताच चालू ठेवून उभी राहिले. ट्रॅक्टरवाल्या तात्यांना जे सांगता आलं नव्हतं, ते इथंही सांगता येत नव्हतं.

बाहेर आले तर नीलेश लॅपटॉप उघडून बसला होता. "आत्या, मी पाच पट्ट्या चढवलाय. ते काढतो. हे बघ, हा कॅसेटवरचा आवाज, जसाच्या तसा." त्यानं लावलं. मला तो पहिल्यापेक्षा भारदस्त वाटला. आत्यांनी क्षणभर ऐकून मान हलवली.

"ह्यो बी न्हाय. टेप पळतोय."

"न्हाय गं, मी नीट भरून घेतलंय."

"मला माझं कळत न्हाय व्हय रे?" पण गाऊन दाखवणं त्यांच्या हातात नव्हतं. तोंड उघडून त्यांनी एक प्रयत्न केला, वारं आलं फक्त, आणि त्यांनी तोंड मिटलं. मग पदर खोचून उठल्या. "इंदापूरला चला. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दिनकररावांकडं पेटी हाय. त्या कॅसेटमधी त्यांचीच पेटी वाजतीया. ती खोटं बोलायची न्हाय."

अश्विनचे दोन फोन येऊन गेले होते. मी घेतले नाहीत.

नीलेश मोटारसायकलवर पुढं गेला. मी आणि आत्या जंक्शनहून वडापनं (माणसं भरली की सुटणारी जीप) निघालो. तेरा माणसं, एक करडू, आणि माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी. आत्या खिडकीशी. त्या नीलेशच्या लहानपणाबद्दल बोलल्या, त्यांच्या यजमानांना टेपरेकॉर्डरचं किती वेड होतं ते सांगितलं. मी विचारलं, "कॅसेटमध्ये तुम्ही 'परत घे' म्हणून हसता, ते कुणाला?"

"दिनकररावांना. ते चुकलं की मी हसायची. तालमीत हसायची मुभा होती." करडाचं तोंड मेथीपासून बाजूला करत म्हणाल्या, "स्टेजवर नव्हती."

दिनकरराव इंदापुरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत राहतात. ऐंशीच्या घरातले, एका कानात यंत्र, शर्टाची सगळी बटणं लावलेली. आत्यांना दारात पाहून ते उठले ते तसेच उभे राहिले.

"शालनबाई! किती वर्सांनी!"

"पेटी वाजती का अजून?"

"ती वाजती. मी वाजतो का ते बघावं लागंल."

चहा झाला, पेटीवरचं कापड निघालं. नीलेशनं कॅसेटचा तो भाग लावला, जिथं गाणं सुरू व्हायच्या आधी पेटीवर नुसता सूर धरलाय. दिनकरराव यंत्र कानात घट्ट बसवून ऐकत होते. मग त्यांनी भाता ओढला आणि पांढरी चार दाबली. दोन सूर शेजारीशेजारी उभे राहिले आणि खोलीत एक ओंगळ थरथर सुरू झाली. कुणालाही कळलं असतं. लॅपटॉपमधला सूर जवळजवळ एक पट्टी वर होता.

"टेप पळत होता तुजा," दिनकरराव नीलेशला म्हणाले. "माजी पेटी कशी पळंल? लाकूड हाय ते."

नीलेश कानापर्यंत लाल झाला. ज्या टेपवरून त्यानं आवाज उतरवला, तो शेजाऱ्यांच्या अडगळीतला होता, हवा त्यापेक्षा जोरात फिरणारा. त्यानं हळूहळू आवाज खाली आणायला सुरुवात केली. केसभर खाली, पुन्हा केसभर. दिनकररावांनी सूर सोडला नाही. थरथर मंदावली, लांबट झाली, आणि एका क्षणी थांबली. पेटी आणि लॅपटॉप एकच सूर बोलत होते. मग पुढं आवाज आला.

मी आयुष्यभर आवाजातच काम केलंय, पण तो कसा होता ते मला नीट सांगता येत नाही. रुंद होता. घाई नव्हती त्याला. छातीतून निघून जमिनीलगत चालत यावा तसा. आणि हसू! चढवलेल्या ट्रॅकमध्ये ते किणकिणत होतं. इथं ते एका मोठ्या बाईचं, चिडवणारं, भरघोस हसू होतं. "परत घे."

दिनकरराव भाता धरून तसेच बसले. आत्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते.

"हां," त्या म्हणाल्या. "आले मी."

यानंतर सगळं गोडीगुलाबीनं झालं असं नाही. खरी कटकट यापुढंच होती. आवाज खाली आणला, पण गॅरेजचा तो उड्या मारणारा ठोका त्याच्याखाली बसेना. म्हशीला झांजा बांधल्यासारखं व्हायला लागलं. नीलेशनं गती कमी केली, उड्या काढून टाकल्या आणि सरळ चार मात्रांचा ठोका ठेवला. म्हणजे गॅरेजचं हाऊस झालं. पुन्हा पुन्हा ऐकलं. मला ते आवडलं नाही. चांगलं होतं, पण ज्यानं मला खुर्चीतून उठवलं होतं ते यात नव्हतं. मी गल्लीत येऊन अश्विनला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"पहिलंच पाठवू," तो लगेच म्हणाला. "ज्यांना ऐकवलंय ते पहिल्यासाठीच थांबलेत. आणि आत्या काय क्लबात येऊन ऐकणार आहेत का?"

तेवढ्यात आत्याच दाराशी आल्या. त्यांनी ऐकलं असावं. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमाला काय लावायचं ते लावा. मला ऐकायला मिळालं, माझं झालं."

त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

आत नीलेश अजून गती कमी-जास्त करत होता. मी म्हणाले, "नीलेश, ट्रॅक तुझा आहे. कुठला द्यायचा?"

"तुमाला पहिला आवडतो, ताई."

"हो, मला पहिलाच आवडतो."

"मला बी," तो म्हणाला. मग पडद्याकडं बघत, "पण आता तो मी आत्यापुढं लावू शकत न्हाय. आन् जे तिच्यापुढं लावू शकत न्हाय, ते मी कुणापुढं लावू?"

त्यानं नवी फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घातली. दिनकररावांनी आग्रहानं भेळ मागवली, ती उभ्याउभ्यानं खाल्ली. निघताना मी आत्यांना विचारलं, तबकडीवर नाव काय घालायचं? त्यांनी थोडा विचार केला. "शालन घाला. नुसतं. आडनाव ऑर्केस्ट्रावाल्यांनी बी कधी घातलं नव्हतं." मी म्हणाले, आम्ही घालतो. त्या म्हणाल्या, "मग घाला की." आणि पहिल्यांदाच हसल्या. आवाज आला नाही, खांदे तेवढे हलले.

परतीची एसटी महामार्गानं निघाली. भिगवणजवळ उजनीचं पाणी संध्याकाळच्या उन्हात पसरलं होतं, त्यात लांब पायांचे पक्षी एका ओळीत, आणि रस्त्याकडेला चिलापी (उजनीत सापडणारा मासा) तळणाऱ्यांच्या कढया. माझ्या शेजारच्या बाई खिडकी बंद करा म्हणाल्या, मी केली, पुन्हा उघडली, पुन्हा त्या म्हणाल्या. मला एकाच गोष्टीचा छडा लावायचा होता: मला नवा ट्रॅक खरंच कमी वाटतोय, की मीसुद्धा ऑर्केस्ट्राच्या मालकांसारखी पातळ आवाजाला सरावलेय? भिगवणपासून हडपसरपर्यंत हे काही सुटलं नाही. सोमवारी सकाळी मी नवी फाइल पाठवली. अश्विन दोन दिवस बोलला नाही.

तबकड्या आल्यावर एका रविवारी दुपारी पुण्यातल्या आमच्या नेहमीच्या हॉलमध्ये नवा ट्रॅक मी स्वतः वाजवला. ठोका सुरू झाला, आवाज आला, आणि निम्मे लोक सरबताच्या टेबलाकडं गेले. उरलेले नाचले, पण हळू, पाय न उचलता, नुसते खांद्यांतून. दुसऱ्या दिवशी मी आत्यांना फोन करून जसं झालं तसं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "बरं," आणि पुढच्या बाजाराला इंदापूरला जाऊन दिनकररावांना सांगते म्हणाल्या.

लोक मला अजून विचारतात, त्या आधीच्या फाइलचं काय केलं? पुसली नाही, हे इथं सांगून टाकते. गेल्या महिन्यात घरात एकटी असताना ती लावलीही. ठोक्यानं पहिली उडी मारली आणि माझे पाय आपोआप हलायला लागले. आवाज यायला चार मात्रा उरल्या होत्या, तेव्हा मी ती बंद केली.